मनगटाला विचारून केलेल्या भेटी

सणाला सगळ्यांना घरी केलेलं काहीतरी द्यायचं असं ठरलं, तेव्हा मी पदार्थांची यादी केलीच नाही. कागदावर डावीकडे हालचाली लिहिल्या: मळणं, लाटणं, पिळणं, किसणं, चिरणं, सतत ढवळणं, जड भांडं उचलणं, वाकून ओव्हनमध्ये ट्रे सरकवणं, घट्ट झाकण फिरवणं, रिबनची गाठ मारणं. उजवीकडे प्रत्येकीसमोर ती मला किती वेळ जमते आणि दुसऱ्या दिवशी किती दुखणं वसूल करते, ते लिहिलं. ढवळण्यासमोर ‘पाच मिनिटं, मग खांदा’ असं आहे. पिळण्यासमोर नुसती फुली. गाठ मारणं हेही काम असतं हे आधी ध्यानातच आलं नव्हतं, पण अंगठा आणि तर्जनीची तीच चिमूट वीस-पंचवीस वेळा आवळायची म्हणजे माझ्या हातांसाठी ते चिरण्याइतकंच वाईट.

ही पद्धत मला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं शरीराला झेपतील अशी करायला शिकवणाऱ्या बाईंनी शिकवली. “सणाला काय काय करायचं म्हणताय?” असं त्यांनी विचारलं आणि मी हौसेने नावं सांगायला लागले, तर म्हणाल्या, “नावं राहू द्या हो. हात काय काय करणार, ते सांगा.”

मला फायब्रोमायल्जिया आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंगभर दुखतं, सकाळी शरीर आखडलेलं असतं, झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखं वाटत नाही आणि डोक्यात धुकं असतं. १९९० च्या निकषांप्रमाणे अंगावरचे १८ ठरावीक बिंदू दाबून बघत, त्यांतले किमान ११ दुखले तर हे निदान करत. २०१० मध्ये नवे निकष आले. त्यांत बिंदू दाबणं गेलं आणि दुखणं किती भागांत पसरलंय, थकवा, झोप, विसराळूपणा यांची विचारणा आली. माझं निदान या दुसऱ्या पद्धतीने झालं. त्यामुळे नवऱ्याच्या आत्यांना दाखवायला माझ्याकडे ना डाग असलेला एक्स-रे, ना लाल आकड्यांचा रक्ताचा रिपोर्ट.

“सगळं नॉर्मल आहे म्हणतात ना डॉक्टर, मग दुखतं कशानं?” हा आत्यांचा प्रश्न खोचक नसतो, त्यांना खरंच कळत नाही. मलाही कुठे कळत होतं? पेन क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी सांगितलं त्याचा सारांश असा की, दुखण्याचे संदेश वाहून नेणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. इजा नसताना किंवा किरकोळ दाबानेही ती कळवळते. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. मज्जारज्जूच्या पातळीवर असा बदल होतो हे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन या संस्थेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत असंही म्हटलं की, माणूस दुखतंय असं सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवला जावा. ती ओळ मी फोनमध्ये जपून ठेवली आहे. आत्यांना अजून दाखवलेली नाही.

स्वयंपाकघरात याचा अर्थ फार व्यवहारी होतो. दुखणं माझ्याकडे उधारीवर येतं. काम करताना बरं वाटत असतं, हिशेब दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी येतो. म्हणून ‘दुखायला लागलं की थांबेन’ हा नियम कुचकामाचा. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. थांबायचं ते घड्याळाकडे बघून. टायमर लावायचा, तो वाजला की हातातली सुरी खाली, मग कांदा अर्धा चिरलेला का असेना. याला पेसिंग म्हणतात. ऐकायला अगदी सोपं आहे. प्रत्यक्षात खरी कसोटी वाईट दिवशी लागत नाही, चांगल्या दिवशी लागते. सकाळी उठल्यावर मान वळतेय, बोटं मिटतायत, आणि मनात येतं की आज सगळं उरकून टाकू. अशा दिवशी टायमर वाजल्यावर खुर्चीत बसून राहणं हे मी केलेल्या कुठल्याही व्यायामापेक्षा अवघड आहे.

भेटींबद्दल बोलताना एक गोष्ट सगळे विसरतात. त्या काळात घरातल्यांना रोज जेवायलाही लागतं. भेटी आणि रोजचा स्वयंपाक एकाच खांद्यातून निघतात. त्यामुळे भेटींना हात घालण्याआधी मी रोजच्या जेवणाची घडी बदलली. जे शिजवायचं ते दुप्पट, आणि अर्धं फ्रीजरमध्ये. शिजवलेलं अन्न बाहेर तासन् तास ठेवायचं नाही, दोन तासांच्या आत थंडीत गेलं पाहिजे, आणि मोठ्या भांड्यात ते लवकर निवत नाही. त्यामुळे मी उथळ, चपट्या डब्यांत काढून ठेवते. चपटे डबे एका हाताने धरता येतात, हा माझ्यासाठी जास्तीचा फायदा. पाणी तापवायला पूर्ण भरलेलं पातेलं नळापासून शेगडीपर्यंत नेणं बंद केलं. चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, वर पातेल्याचं वजन, आणि अंगापासून लांब धरलं की मनगटाला आणि पाठीला ते कितीतरी जास्त भासतं. रिकामं पातेलं शेगडीवर ठेवायचं आणि मगाने पाणी ओतायचं. उकडलेलं काही काढायचं तर जाळीच्या टोपलीत उकडायचं आणि नुसती टोपली उचलायची, पाणी गार होईपर्यंत तिथेच राहू द्यायचं.

ओट्याच्या उंचीचा मी कधी विचारच केला नव्हता. हलक्या कामाला ओटा कोपरापेक्षा थोडा खाली असावा आणि जोर लावायच्या कामाला आणखी खाली, म्हणजे हाताऐवजी अंगाचं वजन वापरता येतं. माझा ओटा चिरायला ठीक आहे, पण दाबण्या-थापण्याला उंच. म्हणून तसलं काम जेवणाच्या टेबलावर गेलं आणि ओट्यापाशी एक उंच स्टूल आलं. स्टुलावर बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे लोक जरा वेगळ्याच नजरेने बघतात. बघू देत. सुरी रात्रीच्या गोळीची सुस्ती उतरल्याशिवाय हातात घ्यायची नाही, म्हणजे सकाळी जरा उशिरानेच, हाही एक नियम. आमच्या घरात नाश्त्याची जबाबदारी त्यामुळे लेकाकडे गेली आणि तो ती बऱ्यापैकी निभावतो.

आता पदार्थ.

यादीतून आधी काय बाद झालं ते सांगते, कारण त्याचं वाईट वाटलं. हाताने मळून, लाटून, साच्याने कापायची बिस्किटं गेली. कॅरॅमल गेलं, त्याला सोडून जाता येत नाही. साखर रंगावर आली की पुढची दोन मिनिटं तुमच्या खांद्याला काय वाटतंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. संत्र्याचा मार्मालेड मला फार आवडतो, पण त्यात पिळणं, बारीक चिरणं आणि ढवळणं तिन्ही आहे. शिवाय एक बारीकशी गोष्ट: मार्मालेडला वापरतात ती कडू संत्री आणि ग्रेपफ्रूट काही औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवतात. आमच्या भेटींच्या यादीतले निम्मे लोक रक्तदाबाच्या नाहीतर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर आहेत. कोण कुठली गोळी घेतं हे विचारत बसण्यापेक्षा मार्मालेडवर काट मारलेली बरी.

लसूण घातलेलं सुवासिक तेल करायची कल्पना मैत्रिणीने सुचवली होती. दिसायला सुंदर, हाताला काम जवळजवळ नाही. तेही बाद, पण वेगळ्या कारणाने. लसूण जमिनीत वाढतो, त्याला बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू चिकटलेले असू शकतात, आणि तेलाखाली हवा नाही, आंबटपणा नाही. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या अशा बाटलीत विष तयार होऊ शकतं आणि वासावरून ते कळेलच असं नाही. भेट दिलेली बाटली समोरचा फ्रीजमध्ये ठेवणार की खिडकीत शोभेला, ते आपल्या हातात नसतं.

उरलं ते असं: मिठातली लिंबं, ट्रेमध्ये थापायची बिस्किटं, ओव्हनमध्ये परतलेला मसालेदार सुकामेवा, आणि बरणीत थरांनी भरलेलं सुपाचं कोरडं सामान.

लिंबांना सर्वांत आधी हात घातला, कारण त्यांना मुरायला तीन-चार आठवडे लागतात आणि तेवढा वेळ त्यांना माझी गरज नसते. माझ्यासारखीला असा पदार्थ फार मानवतो. लिंबाच्या चार फोडी, किलोला साधारण दीडशे ग्रॅम जाड मीठ, बरणीत दाबून भरायच्या, वर रस इतका की फोडी बुडाल्या पाहिजेत. फोडी दाबायला मी मुठीत मावेल असा लाकडी दांडा वापरला. बोटांनी टोचत बसायचं नाही, बरणी टेबलावर खाली ठेवून वरून अंगाचा भार टाकायचा. रस मात्र पिळावाच लागतो, आणि तिथे माझी फुली होती. विजेवर फिरणारं रस काढायचं यंत्र शेजारच्या काकूंकडून मागून आणलं. त्यांनी “ठेवून घे गं, माझ्याकडे पडूनच आहे” म्हटलं आणि मी आढेवेढे न घेता ठेवून घेतलं. दुखण्याआधीची मी दोनदा तरी नको म्हणाले असते.

लिंबं खोलीच्या तापमानाला सुरक्षित राहतात, कारण त्यांचा आंबटपणाच राखणदार आहे. सामू (आंबटपणाचं माप, pH) ४.६ च्या खाली असला की ते बोट्युलिझमचे जंतू वाढत नाहीत आणि लिंबाचा रस त्याच्या कितीतरी खाली असतो. वर मीठ. फक्त फोड रसाच्या वर डोकावता कामा नये, नाहीतर बुरशी धरते. बरणी रोज हलवायची असते. भरलेली बरणी उचलून हलवणं मला जमणार नव्हतं, म्हणून मी ती टेबलावर आडवी करून पुढे-मागे लोळवत असे. लेकाला यात फार गंमत वाटली आणि हे काम त्याने परस्पर आपल्याकडे घेतलं.

बिस्किटांचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, धुक्याच्या दिवसांतही: वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर. चिमूटभर मीठ. वजनाचा काटा घेतल्यापासून कप मोजणं, चमचे सपाट करणं सुटलंय; भांडं काट्यावर ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, ओतायचं. लोणी मऊ असलं की सगळं यंत्रात दोन मिनिटांत मातीसारखं सुटं होतं. ते गोळा करून मळायचं नाही. थेट ट्रेमध्ये ओतायचं आणि सपाट बुडाच्या पेल्याने दाबत जायचं. तळहात पेल्यावर, कोपर सरळ, भार खांद्यावरून. टेबल बुटकं असल्याने हे उभ्याने आरामात होतं. काट्याने टोचे मारायचे, १६० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं, कडेला सोनेरी छटा येईपर्यंत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: ट्रे बाहेर आल्या आल्या, गरम असतानाच सुरीने चौकोन पाडून ठेवायचे. गार झाल्यावर ते नीट कापलं जात नाही, भुगा होतो आणि सुरीवर जोर लावावा लागतो. गरम असताना सुरी आपोआप उतरते.

ट्रे ओव्हनमध्ये सरकवणं आणि काढणं नवऱ्याकडे. तापलेला ट्रे दोन्ही हातांत धरून वाकणं हे माझ्या यादीतलं सर्वांत वाईट काम, कारण पकड कधी सुटेल ते मला सांगता येत नाही. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी विचारायचा, “झालं का? काढू का?” मी म्हटलं, “तू टायमर ऐकून ये. मला विचारत बसलास तर लक्ष ठेवायचं काम परत माझ्याकडेच आलं.” त्याला ते पटलं. मदत घेणं जमायला लागलं तरी मदतीची देखरेख करणं हे काम बऱ्याचदा आपल्याकडेच राहतं, आणि ते थकवतं.

सुकामेव्याचं फार सांगण्यासारखं नाही. एका अंड्याचा पांढरा भाग फेस येईपर्यंत फेटायचा, त्यात साधारण चारशे ग्रॅम बदाम-अक्रोड, साखर, मीठ, तिखट, दालचिनी, आणि १५० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. गार झाल्यावर कुरकुरीत होतात. घरभर वास सुटतो आणि पहिला ट्रे घरातच संपतो.

सुपाच्या बरण्यांवर मी जास्त जीव लावला. मसूर डाळ, सोललेले वाटाणे, बार्ली, वाळवलेला कांदा, गाजराचे वाळके तुकडे, मिरी, तमालपत्र, मीठ. कोरडं सामान, एक चमचा आणि एक फनेल, बसून करण्याजोगं. राजमा रंगासाठी घालावासा वाटत होता, तो मुद्दाम टाळला. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही. मंद आचेच्या कुकरमध्ये (स्लो कुकर) तो तसाच शिजवला तर माणूस आजारी पडतो. आमच्या ओळखीतले तरुण लोक सगळं मंद आचेच्या कुकरमध्ये ढकलून कामाला जातात. आणि मसूर अर्ध्या तासात शिजतो तिथे राजमा दगडच असतो.

याच सुमारास अंग बसलं. कारण म्हणाल तर काहीच नाही. दोन रात्री झोप नीट लागली नव्हती, हवा बदलत होती, एवढंच. फ्लेअरला, म्हणजे दुखणं असं अचानक उसळायला, कारण लागतंच असं नाही, आणि कारण शोधत बसलं की प्रत्येक गोष्टीवर संशय येतो. सकाळी दात घासायचा ब्रश धरवेना. चादरीचा स्पर्श पायांना नकोसा झाला. बरण्या अर्ध्या भरून टेबलावर, बिस्किटांचा एक घाणा व्हायचा बाकी, आणि सण तोंडावर.

यासाठीच मी एक कागद आधी करून ठेवला होता, चांगल्या दिवशी. त्यावर प्रत्येक भेटीचं काम इतकं फोडून लिहिलं होतं की, आमच्या घरात कधीही न शिरलेल्या माणसालाही करता यावं. ‘बरणी क्रमांक अमुक. फनेल लाव. मसूर काट्यावर २०० ग्रॅम. बरणी टेबलावर हळूच आपट, म्हणजे थर बसेल.’ पलंगावर पडून मी बाहेरचे आवाज ऐकत होते. नवरा आणि लेक वाद घालत होते, थर बसवायला बरणी किती आपटायची यावर. उठून सांगावंसं वाटत होतं. उठवत नव्हतं. गरम पाण्याची पिशवी खांद्याखाली घेऊन पडून राहिले. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी मांडलेला गेट कंट्रोलचा सिद्धान्त डॉक्टरांनी मला एकदा समजावला होता: चोळल्याने, दाबल्याने होणाऱ्या संवेदना मज्जारज्जूपाशी दुखण्याच्या संदेशांची वाट थोडी अडवतात. तेव्हापासून दुखरी जागा मी बिनदिक्कत चोळते.

बरण्यांतले थर थोडे तिरके झाले. काहींत वाटाणे आणि बार्लीची सरमिसळ झाली. पूर्वी मी त्या सगळ्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या असत्या. या वेळी बरण्या तशाच गेल्या. हे शहाणपण वगैरे नव्हे, पुन्हा भरायला हात नव्हते.

बरण्यांची निवडही मी हालचालींच्याच हिशेबाने केली होती, आणि यात घेणाऱ्यांचेही हात मोजले. भेटींच्या यादीत संधिवाताच्या दोघी आहेत, एकाचा अंगठा शस्त्रक्रियेनंतर अजून वळत नाही. फिरकीचं घट्ट झाकण त्यांना उघडणार नाही. म्हणून त्यांच्यासाठी चिमट्याने वर उचलायची झाकणं, सुकामेव्याला नाडीच्या कापडी पिशव्या, आणि रिबन कुठेच नाही. घट्ट झाकणाची बरणी ज्यांना दिली त्यांना सोबत रबराचा पातळ तुकडा दिला. झाकणावर तो ठेवून तळहाताने फिरवायचं, बोटांनी नाही. निर्वात झाकण अडलं तर कडेखाली चमच्याचं टोक घालून जरासं उचकटायचं, ‘टक्’ असा आवाज आला की ते सहज फिरतं.

लेबलं लेकाने लिहिली, माझं अक्षर हल्ली मलाच लागत नाही. तारीख, घटक, आणि काय त्रास देऊ शकतं ते ठळक: मैदा आणि बार्लीत ग्लुटेन, सुकामेव्यात बदाम, अक्रोड आणि अंडं, बिस्किटांत दूध. लिंबांवर ‘पुढच्या महिन्यात उघडा, फोड धुऊन घ्या, साल खायची आहे’. सुपाच्या बरणीवर पाणी किती, किती वेळ, झाकण ठेवून की उघडं, सगळं. ज्याने आयुष्यात सूप केलं नाही त्याने वाचून करावं, अशा बेताने ते लेबल मी सांगितलं आणि लेकाने ‘एवढं कोण वाचणार’ म्हणत लिहिलं.

पोचवायला नवरा गेला. मी फक्त जवळच्यांकडे, तेही चाकांच्या पिशवीत सामान घालून. आत्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, एकेक वस्तू बाहेर काढली, बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि मनापासून म्हणाल्या, “छान झालंय गं.” मग थोड्या वेळाने, चहा ओतता ओतता, “एवढं दुखतं म्हणतेस आणि एवढं सगळं केलंस?”

या वाक्याची मला खरं तर वाटच होती. जे केलं ते दिसतं. ते करण्यासाठी किती दिवस नुसती बसून होते, कोणती कामं दुसऱ्यांनी केली, कोणते पदार्थ मनातल्या मनात पुसून टाकले, ते बिस्किटाच्या चवीत उतरत नाही. भेट जितकी चांगली होते तितकं दुखणं खोटं वाटायला लागतं. मग काही करूच नये का? मी वर्षभर काही केलं नव्हतं तेव्हा याच आत्या म्हणाल्या होत्या, “जरा हातपाय हलवलेस तर बरं वाटेल.” दोन्ही बाजूंनी प्रश्न तयारच असतो. हातपाय हलवायला माझी ना नाही, हलका, नियमित व्यायाम या आजारात खरोखरच उपयोगी पडतो आणि मी तो करते. पण त्यांच्या वाक्यात व्यायाम नव्हता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

“आत्या, ट्रे ह्याने काढले,” मी नवऱ्याकडे बोट दाखवलं, “बरण्या दोघांनी भरल्या. आणि मी बऱ्याच आधीपासून थोडं थोडं करत होते. एका दिवसात केलेलं काहीच नाही यात.”

“हं,” आत्या म्हणाल्या आणि दुसरं बिस्किट घेतलं. त्यांचं समाधान झालं की नाही ते कळलं नाही. निघताना माझ्या हातात पिशवी न देता त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली, एवढं मात्र मी पाहिलं. रिकामीच होती ती.

सणाचा दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी अपेक्षेप्रमाणे वसुली आली आणि मी दुपारपर्यंत उठले नाही. सुपाची एक बरणी मी मुद्दाम घरी ठेवली होती. संध्याकाळी नवऱ्याने ती फडताळातून काढली आणि लेबल मोठ्याने वाचायला लागला.

“आठ वाट्या पाणी. आठ?”

“आठ.”

“झाकण अर्धं उघडं ठेवायचं म्हणजे किती?”

“उतू जाणार नाही एवढं.”

“आणि मीठ?”

“बरणीत आहे रे. खाली वाच.”